सुपातली बारावी मूठ

इथले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतोय, पण वाचक म्हणून माझी ख्याती काही चांगली नाही. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजली, तर खाली "उंदीर असतील" अशी कमेंट टाकणारा तो मीच. एका ताईंना तर मी "झोप पूर्ण घेत जा" असा सल्ला दिला होता. त्यांची सगळ्यात आधी माफी मागतो... कारण आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे आणि मला भरपूर झोप मिळते.

माझं कामच मोजण्याचं आहे. सुरतेला हजिरा रोडवर इच्छापोरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. माल आला की मोज, गेला की मोज. दोन मापांत फरक आला तर चूक मापात असते, मोजणाऱ्यात असते किंवा कुणीतरी माल ढापलेला असतो — चौथं कारण मी नोकरीच्या चौदा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. आधीच सांगतो, यात भूत नाही, कुणी मेलेलं नाही, सगळं भर दुपारी घडलं. भीती वाटावी असंही काही नाही. मला फक्त लाज वाटते, आणि ती अजून गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून सुरतेला बदली घेतली. ऑफिसातले म्हणाले, "लहान शहरात जाऊन काय करणार?" सुरत काही लहान नाही हो, पण ठाण्या-मुंबईकडच्या माणसाला कल्याणच्या पुढचं सगळं लहानच वाटतं. बायको केतकी तिच्या नोकरीमुळे पहिलं वर्ष ठाण्यातच होती, महिन्यातून दोनदा यायची. मी अडाजणला एका बऱ्यापैकी सोसायटीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ठाण्यातल्या भाड्यात इथे दीड पट घर, कामावर पोचायला पंचवीस मिनिटं, आणि समोरच्या हेतलबेन रोज लिफ्टपाशी विचारणार, "नितीनभाई, जमी लीधुं?" म्हणजे जेवलात का. नाही म्हणालो तर दहा मिनिटांत ताट दारात. ठाण्यात आमच्या शेजारी कोण राहतं हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आम्ही मूळचे खान्देशातले, पारोळ्याजवळचे. वडील तरुणपणी ठाण्याला आले आणि बँकेत शिपाई म्हणून लागले. त्यांचे धाकटे भाऊ, भिकनकाका, सुरतेला कापडाच्या लूमवर गेले आणि तिथलेच झाले. डिंडोलीत त्यांचं छोटं घर आहे. डिंडोलीत निम्मी गल्ली आमच्याकडचीच, घरात अहिराणी आणि बाहेर गुजराती. काका अजून लूम चालवतात, मुलगा गोकुळ साड्यांच्या मार्केटमध्ये पॅकिंगला आहे, आणि सुमनकाकू घरी बसून साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवते. तिच्या बोटांना कायम गोंद आणि चमकी लागलेली असते. लहानपणी सुट्टीत गेलो की ती माझ्या गालाला हात लावायची आणि मग दिवसभर माझा गाल चमकायचा.

फ्लॅट दाखवताना एजंट म्हणाला होता, "उधना-डिंडोली साइड तो सब लूमवाले रहते हैं साहब, आप लोग तो इधर के हो." मला त्याला सांगता आलं असतं. पण मला ते ऐकायला बरं वाटलं, हे खरं आहे. पुढे हेतलबेनना मी सांगितलं की पप्पा बँकेत होते, आम्ही मूळ ठाण्याचेच आणि सुरतेत आमचं कुणी नाही. बँकेत होते हे खोटं नव्हतं. एवढीच माझी हुशारी.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सुमनकाकू. दोन बस बदलून आली होती, घामाघूम. हातात साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, त्यातून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, डोकावत होते. खालच्या वॉचमननं तिला सर्व्हिस लिफ्टनं पाठवलं होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि हेतलबेन बाहेर आल्या.

"नितीनभाई, ये कौन हैं?"

साधा प्रश्न होता. कुत्सितपणा अजिबात नव्हता त्यात. मी म्हणालो, "ये... साडी का फॉल-बिडिंग करती हैं. मिसेस की साड़ियाँ देनी थी."

इकडे पिकोला बिडिंग म्हणतात. हे वाक्य कुठून आलं मला आजही सांगता येत नाही, पण अडखळलो नाही एवढं आठवतं. सहज आलं.

काकूला हिंदी येतं, गुजराती माझ्यापेक्षा दसपट चांगलं येतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही... एखादं लेकरू रस्त्यात पडलं की त्याला कुठे लागलंय हे आपण बघतो, तसं. मग वळून म्हणाली, "हा बेन, फॉल-बिडिंग करी आपीश." करून देईन. हेतलबेन खूश. उभ्या उभ्या आतून दोन साड्या आणल्या, फॉलचा रंग ठरला, भाव ठरला. काकूनं साड्या काखेत मारल्या आणि ती बिबड्यांची पिशवी माझ्यापुढे धरली.

"साहेब, आ तमारी थेली."

साहेब म्हणाली मला. माझं नाक पुसलेल्या बाईनं. मी पिशवी घेतली आणि दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण कामाला आलेल्या बाईला आत बोलावून पाणी दिलं तर संशय येईल असं माझ्या डोक्यात आलं. अक्कल कुठे चालते बघा माणसाची.

संध्याकाळी फोन करणार होतो. तिचाच आला. मी सुरुवात केली, "काकू, ते दुपारी जरा..." तर तिनं तोडलंच.

"माले बी काम भेटनं ना. बरंच व्हयनं."

मलाही काम मिळालं, बरंच झालं. मी लगेच ते पदरात पाडून घेतलं. हो की, तिचा फायदाच झाला! महिन्याभरात आमच्या मजल्यावरच्या आणि खालच्या मिळून पाच-सहा घरांच्या साड्या तिच्याकडे जायला लागल्या. दर पंधरा दिवसांनी ती यायची. सर्व्हिस लिफ्टनं. सुट्टीचा दिवस असला की मी आतून दाराच्या भिंगातून बघायचो. हेतलबेनच्या दारात बसून ती घड्या उलगडून दाखवायची, हसायची, चहा प्यायची. माझी बेल तिनं परत कधीच वाजवली नाही. फक्त ती गेल्यावर दार उघडलं की कडीला पिशवी लटकलेली असायची. कधी बिबडे, कधी कळण्याच्या भाकरीचं पीठ, कधी शेंगदाण्याची चटणी. मी इकडे-तिकडे बघून ती आत घ्यायचो. स्वतःच्या काकूचा खाऊ चोरासारखा आत नेणारा सुरतेत मी एकटाच असेन.

श्रावणात कानबाई येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या खान्देशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात, सोमवारी बोळवतात. तिच्या नैवेद्याचा असतो रोट. त्याचे गहू भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ असे मोजून घेतात, आणि तो रोट भाऊकीनंच खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. प्रत्येक घराण्याची रीत थोडी वेगळी. आमच्यात एक जास्तीची गोष्ट आहे — उलट माप. सगळ्यांच्या मुठी सुपात पडल्या की ते गहू पुन्हा मुठीनं मोजून पातेल्यात काढायचे. जितकी नावं तितकीच मापं निघाली पाहिजेत. वडील असेपर्यंत दरवर्षी ठाण्याहून काकांकडे जायचे, मला कधी जावंसं वाटलं नाही. ते गेल्यावरही काका माझ्या नावाची मूठ टाकतच होते.

त्या वर्षी काकांचा फोन आला. "यंदा तू आठेच शेस, मंग तुले येनंच पडी."

इथेच आहेस, मग यावंच लागेल. शनिवारी दुपारी गेलो. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, वर सूप, शेजारी गव्हाची गोणी. पंखा बंद, त्यामुळे सगळे घामानं निथळत होते. नवागाम, लिंबायतकडून भाऊकी जमली होती. माझ्यासकट बारा पुरुष. पाटापाशी काकू बसली होती, नाव पुकारलं की एक सुपारी मांडायला. तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली, जणू आम्ही फार दिवसांनी भेटत होतो. गोकुळ मला कौतुकानं म्हणाला, "आईले आते तुमनी अडाजण साइडनं काम येस, दादा." काकू सुपाऱ्या पुसत राहिली. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.

काकांनी नावं घेतली. मूठ आणि पाव मूठ, मूठ आणि पाव मूठ. बारा नावं, पाटावर बारा सुपाऱ्या. मग उलट माप. अकरा निघाले.

काका हसले. म्हातारा हात, लहान-मोठा झाला म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. बारा टाकले, अकरा निघाले. तिसऱ्यांदा गोकुळनं मोजले, तरी तेच. आता हसणं थांबलं होतं. मागून कुणीतरी म्हातारं माणूस नुसतंच खाकरलं.

मला तेव्हा काय वाटलं? खरं सांगायचं तर मजा वाटली. मी इंजिनियर, हे माझंच मैदान. मी म्हणालो, "काका, मुठीनं मोजलं तर फरक येणारच. वाटी आणा." स्टीलची वाटी आणली. मी स्वतः बसलो. एका नावाला एक वाटी, काठावरून पट्टीनं सपाट केलेली. सतरंजी झटकली, सुपाच्या फटी तपासल्या. गोकुळ मोठ्यानं आकडे म्हणत होता. बारा वाट्या सुपात गेल्या, पाटावर बारा सुपाऱ्या.

मग तीच वाटी, तीच पट्टी, माझाच हात. अकरावी वाटी सपाट भरली आणि सूप रिकामं झालं.

मी सूप उलटं केलं. सतरंजी उचलली. बाह्या झटकल्या, खिसे उलटे केले. वाटी बदलून पेला घेतला. बारा टाकले, अकरा निघाले. मग मला एक सुचलं आणि मी मुद्दाम अकराच टाकले. अकरा निघाले, बरोब्बर. पुन्हा बारा टाकले... अकरा. म्हणजे माप ठीक होतं, हात ठीक होता. फक्त बारावा टिकत नव्हता. मी पेला खाली ठेवला. प्रश्न गव्हाचा नव्हता हे मला आतून कळत होतं.

काका शांतपणे म्हणाले, "ज्येना दाना ऱ्हास नही, तेले ते ठाऊक ऱ्हास."

ज्याचा दाणा राहत नाही त्याला ते माहीत असतं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं — भाऊकीतल्या कुणी बाहेर "हे माझे नाहीत" म्हटलं असेल, तर त्याचा दाणा सुपात बसत नाही. त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. "कोनी काही बोललं व्हई ते सांगी टाका. कानबाई माफ करी दी."

बारा माणसं. कुणी बोलेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघताहेत. प्रत्यक्षात प्रत्येक जण खाली बघत होता, आपापलं काही आठवत असावा. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण जे वाक्य दारात इतकं सहज आलं होतं, त्याच्या उलटं वाक्य काही केल्या येईना.

तेवढ्यात काकू बोलली.

"मनी चूक शे. सकाळमा रोटना गहूमातला मूठभर मी चिडीसले टाकी दिन्हा."

सकाळी रोटाच्या गव्हातले मूठभर मी चिमण्यांना टाकले. रोटाचा दाणा बाहेर देणं म्हणजे आमच्यात मोठी चूक, मग ती चिमणी का असेना. खोलीत एकदम सुस्कारे सुटले. असं होय! कारण सापडलं. आता तुम्हीच बघा, यात कारण कुठे होतं? सकाळी गोणीतून मूठभर गेले काय नि पोतंभर गेले काय, सुपात टाकलेले बारा काढताना बाराच निघायला हवेत. पण एवढा हिशोब त्या खोलीत फक्त मी करत होतो, आणि मी तोंड मिटून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, तू यंदा रोटाला हात लावू नको. तीस वर्षं रोटाचं पीठ तिच्या हातचं असायचं. सगळी भाऊकी म्हणायची, सुमनबाईसारखा रोट कुणाला जमत नाही. ती मुकाट्यानं उठली, बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि साडीला खडे चिकटवू लागली. काकांनी दुकानातून नवे गहू मागवले, मुठीनं मोजले. गोकुळनं पातेलं पुढे केलं तर म्हणाले, "आते उलट माप नको."

रविवारी कानबाई बसली, रोट झाला, मी खाल्ला. वाढायलाही काकू नव्हती, ती सगळ्यांच्या शेवटी जेवली. गोड होता का, विचारू नका. मला आठवत नाही. ओट्यावरून जाताना ती मला म्हणाली, "पोटभर जेवना ना?" मी हो म्हणालो.

इथपर्यंत मला वाटत होतं की जगात फक्त दोघांना माहीत आहे — तिला आणि मला. मग शरद पौर्णिमेनंतर चांदी पडवो आला. सुरतेत त्या दिवशी घारी खातात, तूप-खव्याची. सकाळी हेतलबेन दोन डबे घेऊन आल्या.

"ये आपका. और ये काकी का, डिंडोली जाओगे तब दे देना."

मी म्हणालो, "किसका?"

त्या आधी हसल्या. मग माझा चेहरा बघून त्यांचा चेहरा पडला. "अरे... सॉरी भाई. मुँह से निकल गया."

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या साड्या परत आणल्या त्याच दिवशी त्यांनी काकूला माझ्या कडीला पिशवी लावताना पकडलं होतं. फॉलवाली बाई गिऱ्हाईकाच्या शेजाऱ्याच्या दाराला बिबडे कशाला टांगेल? विचारल्यावर काकूनं खरं ते सांगून टाकलं, आणि वर विनंती केली होती. हेतलबेननी ती तिच्याच शब्दांत मला ऐकवली.

"छोकरो नवो छे, शरमाय छे. तमे कंई बोलता नहीं."

मुलगा नवा आहे, लाजतो. तुम्ही काही बोलू नका. म्हणजे सात महिने अख्खा मजला माझ्याशी लिफ्टमध्ये हसून बोलत होता, मला ताट देत होता, आणि माझी लाज सांभाळत होता. मी भिंगातून त्यांना बघतोय असं समजत होतो. ठाण्यात हे खोटं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे ते चार दिवसांत दारोदार पोचलं, आणि पोचूनही कुणी मला फटकारलं नाही. उलट हेतलबेन म्हणाल्या, "एमां शुं? मैं शादी होके आई तब अपने मामा को नहीं पहचानती थी, उनका चाय का ठेला था." यात काय एवढं, म्हणे! मला त्या क्षणी त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घारी घेऊन त्याच दिवशी डिंडोलीला गेलो. काकू ओट्यावर साडी पसरून बसली होती. मी शेजारी बसून सगळं बोललो... मार्चपासूनचं. ती टिकल्या लावत राहिली. मी म्हणालो, काकांना आज सांगतो. तिनं गोंदाचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"आते काय उकरस? वरीस निघी जाई."

आता काय उकरतोस, वर्ष निघून जाईल. आणि मी ऐकलं! ही माझी सगळ्यात मोठी लाज. पहिल्या दिवशी घाबरलो होतो, कानबाईला धीर झाला नाही, पण त्या दिवशी मी शांत डोक्यानं ऐकलं, कारण ते सोयीचं होतं. तिची घारी तिला दिली, चहा प्यायलो आणि परत आलो. केतकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या अजून तुझ्या जागी बसल्यात." आणि तसंच होतं. दिवाळीला भाऊकीतल्या बायका काकूला फराळाच्या पिठापासूनही हळूच लांब ठेवत होत्या, थट्टेत म्हणत होत्या, "सुमनबाई, चिडीसले नको टाकजो." ती हसायची.

केतकी आता सुरतेलाच आली आहे. काकू आमच्याकडे पुढच्या लिफ्टनं येते आणि आमचीच बेल वाजवते. हेतलबेन चहाला इकडे येतात. पण डिंडोलीतलं राहिलंच होतं.

या श्रावणात शनिवारी पुन्हा तीच खोली, तेच सूप. काकू आतल्या दाराशी उभी होती, पाटापाशी दुसरंच कुणी बसलं होतं. काका गोणीत हात घालणार तेवढ्यात मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की मागच्या वर्षी चिमण्यांनी काही खाल्लं नव्हतं. मी माझ्या दारात काकूला फॉलवाली म्हणालो होतो. तिनं मला तेव्हा वाचवलं आणि इथेही वाचवलं, आणि मी दोन्ही वेळा गप्प बसलो.

गोकुळ माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही... पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते योग्यच होतं.  काकांनी ती स्टीलची वाटी मागवली, माझ्या हातात दिली.

"मोज."

मी मोजलं. बारा नावं, बारा वाट्या, पट्टीनं सपाट करून. मग उलट माप. अकरावी भरली तेव्हा सुपाकडे बघायचं धाडस होईना. बघितलं. कोपऱ्यात गहू होते. ते ओढून वाटीत घेतले, पट्टी फिरवली. एक दाणा जास्त नाही, एक कमी नाही.

 काकांनी सुपारी उचलून कपाळाला लावली आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "हात धुई ले. पीठ मळनं शे."

आता प्रश्न तुमचे, ते मीच आधी विचारतो. ती वाटी मी काकांकडून मागून आणली आहे. घरी शंभरेक वेळा तरी बारा टाकून बारा काढले. कारखान्यातल्या काट्यावर गहू तोलले. वाटीला पोचा नाही, सुपाला भोक नाही. दमट हवा, हातचलाखी, सामूहिक भ्रम, सगळं तपासून झालं. इतकी माणसं बघत असताना माझ्याच हातानं भरलेली एक वाटी त्या दुपारी पुन:पुन्हा कुठे जात होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. "उंदीर असतील" म्हणालात तरी चालेल.

काकूला मात्र काहीच गूढ वाटत नाही. त्या दिवशी हात धुऊन पिठाकडे जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पन मी खरंच टाका व्हता रे गहू चिडीसले." अजूनही कुणी विषय काढला की ती हेच सांगते, अगदी शपथेवर. मी दर रविवारी डिंडोलीला जातो, ओट्यावर तिच्याशेजारी तासन्‌तास बसतो. त्या गल्लीत मी आजवर एकही चिमणी पाहिलेली नाही.